श्रवणबिंदू आणि अवधान : एकल पियानोच्या ध्वनिमुद्रणांचा आस्वाद

१

८ मार्च १९२० रोजी पॅरिसमधील बार्बाझांज कलादालनात एका नाटकाच्या मध्यंतरात एरिक साती आणि दारियस मियो या दोन संगीतकारांनी एक प्रयोग केला. वादकांना दालनाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसविले होते. वाजणाऱ्या संगीताकडे लक्ष देऊ नये, खोलीतल्या खुर्चीकडे किंवा भिंतीवरच्या चित्राकडे एरवी जेवढे लक्ष जाते तेवढेच जाऊ द्यावे, अशी सूचना प्रेक्षकांना आधीच देण्यात आली होती. सातीने या प्रकाराला 'फर्निचर-संगीत' असे नाव दिले होते. मियोने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की संगीत सुरू होताच उठलेले लोक परतून आपापल्या जागी बसले आणि ऐकू लागले. बोला, हिंडा, ऐकू नका, असे साती त्यांना परोपरीने सांगत राहिला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

हा प्रसंग बहुधा गमतीचा म्हणून सांगितला जातो. सातीच्या विक्षिप्तपणाच्या कथांत एकीची भर पडते आणि विषय तेथेच संपतो. आस्वादमीमांसेच्या दृष्टीने मात्र त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. कलाकृतीसमोर रसिकाने संपूर्ण अवधान घेऊन यावे, हे आपल्या समीक्षाविचाराने जवळजवळ गृहीतच धरले आहे. 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे मागितलेले अवधान असो, की कांटपासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत चर्चिला गेलेला निर्हेतुक आस्वादव्यापार असो, कलाकृतीकडे एकाग्रतेने वळलेले मन ही तेथे पूर्वअटच असते. मग जी कलाकृती असे अवधान मागतच नाही, किंबहुना ते नाकारल्याचा आव आणते, तिचे मूल्यमापन कोणत्या पायावर करावयाचे?

गेल्या पन्नास वर्षांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. एकल पियानो आणि 'अँबियंट' या नावाने ओळखले जाणारे संगीत, ज्याला येथे परिसरसंगीत म्हटले आहे, यांच्या सीमेवर ध्वनिमुद्रणांचा फार मोठा साठा निर्माण झाला आहे. तो वाचताना, काम करताना, झोपी जाताना ऐकला जातो. गंभीर संगीतसमीक्षा त्याला हलकाफुलका म्हणून बाजूला ठेवते, तर बाजारपेठ त्याला 'शांत', 'निवांत', 'झोपेसाठी' अशा कप्प्यांत टाकून मोकळी होते. दोन्हीकडे घडते ते एकच : सुट्या, विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा विचार राहून जातो. समीक्षेने हे क्षेत्र असेच सोडून दिले तर कलाकृती कोणती आणि नुसती सोय कोणती हे ठरविण्याचे काम तिच्याकडे उरणार नाही, आणि ही वेळ संगीतापुरतीच थांबेल असे मानण्याचे कारण नाही.

परिसरसंगीताला त्याचे नाव आणि तात्त्विक भूमिका दिली ती ब्रायन ईनोने. जानेवारी १९७५ मध्ये लंडनमध्ये अपघात होऊन तो अंथरुणाला खिळलेला असताना भेटीस आलेल्या मैत्रिणीने हार्पच्या संगीताची एक तबकडी आणली. ती कशीबशी लावून पुन्हा आडवे झाल्यावर त्याच्या लक्षात आले की आवाज फारच लहान आहे आणि दोन ध्वनिवर्धकांपैकी एक बंद आहे. उठण्याचे त्राण नव्हते. खोलीतला प्रकाश, बाहेरचा पाऊस आणि मधूनच ऐकू येणारे हार्पचे सूर यांचे मिळून एकच एक वातावरण झाले. १९७८ मध्ये 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' या तबकडीसोबत त्याने आपली भूमिका मांडली, तेव्हा प्रतिपक्ष म्हणून त्याच्यासमोर 'म्यूझॅक' होते. १९३४ पासून या नावाने कचेऱ्या, कारखाने, दुकाने यांना पुरविले जाणारे पार्श्वसंगीत पंधरा-पंधरा मिनिटांच्या गटांत अशा रीतीने रचलेले असे की काम करणाऱ्याची उत्तेजना टप्प्याटप्प्याने वाढावी. परिसराची सगळी टोके घासून तो गुळगुळीत करणे हे या संगीताचे काम. ईनोला हवे होते ते परिसराची वैशिष्ट्ये ठळक करणारे, शंकेला आणि अनिश्चिततेला जागा ठेवणारे संगीत. अवधानाच्या अनेक पातळ्यांना त्यात वाव असावा, त्याकडे जितके सहज दुर्लक्ष करता यावे तितकेच ते लक्षवेधकही असावे, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे.

या प्रतिपादनाचा पूर्वार्ध फार लोकप्रिय झाला आणि परिसरसंगीताची व्याख्या म्हणून तोच सर्वत्र उद्धृत होऊ लागला. वस्तुतः दुर्लक्ष करता येणे हा कोणत्याही कलाकृतीचा गुणधर्म होऊ शकत नाही. दुर्लक्ष कशाकडेही करता येते. लग्नाच्या मांडवात सनईकडे कोणाचेच लक्ष नसते. एवढ्यावरून ती सनई चांगली की वाईट याबद्दल काहीच निष्पन्न होत नाही. सातीच्या श्रोत्यांनी याची दुसरी बाजू दाखवून दिली : लक्ष देऊ नका म्हटल्याने लक्ष जायचे थांबत नाही. अवधान देणे वा न देणे हा श्रोत्याचा अधिकार आहे. म्हणून मूल्यमापनाचा सारा भार ईनोच्या उत्तरार्धावर पडतो. अवधान दिलेच, तर या ध्वनिमुद्रणाजवळ त्याला देण्यासारखे काय आहे?

बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याच्या मुळाशी असलेल्या लयतत्त्वाची संवाद, विरोध आणि समतोल अशी जी त्रिविध मांडणी केली, तिचा येथे चांगलाच कस लागतो. वरवर ऐकता या संगीतात केवळ संवाद आढळतो. विरोध नाही, म्हणून साधावयाचा समतोलही नाही. यावरून एक तर मर्ढेकरांचा सिद्धान्त अपुरा ठरवावा किंवा या संगीताला कला म्हणू नये, असे दोन मार्ग दिसतात आणि दोन्ही उतावळेपणाचे आहेत. 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स'मधील दुसऱ्या रचनेत मानवी गळ्यातून काढलेले काही दीर्घ सूर चुंबकीय फितीच्या वेगवेगळ्या लांबीच्या वेटोळ्यांवर घेतले आहेत. एक सूर सुमारे साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा सुमारे सव्वीस सेकंदांनी, तिसरा जवळजवळ तीस सेकंदांनी. हे कालावधी एकमेकांना भाग देत नाहीत. त्यामुळे सूर कधी एकत्र येतात, कधी एकामागून एक येतात, कधी लांबलचक पोकळी राहते, आणि झालेली जुळणी पुन्हा तशीच होत नाही. येथे सुरासुरांत विरोध नाही हे खरे. विरोध आहे तो त्यांच्या कालावधींत. स्वरबंधातून काढून घेतलेला विरोध काळाच्या मांडणीत ठेवलेला आहे. मर्ढेकरांची कोटी येथे निकामी होत नाही, ती वेगळ्या पातळीवर लावावी लागते एवढेच. पहिल्या रचनेतील पियानोचे तुकडे रॉबर्ट वायटने वाजविले आहेत, आणि तेथेही ऐकण्यासारखे जे आहे ते तुकड्यांपेक्षा त्यांच्या परतण्यामधल्या अंतरांत आहे. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'बँग ऑन अ कॅन' या गटाने ही तबकडी जिवंत वादकांसाठी लिप्यंतरित करून वाजविली. फितींनी एकमेकींकडे न पाहता जे घडविले ते माणसांना मोजून मोजून घडवावे लागले.

मर्ढेकर स्वतः आकाशवाणीच्या सेवेत होते. ध्वनिक्षेपकातून निघून दूरवरच्या घरात पोहोचणारा, देहापासून सुटलेला आवाज हा त्यांच्या व्यवसायाचा भाग होता. तरीही त्यांच्या सौंदर्यविचारात संगीताचे माध्यम म्हणजे ध्वनिसंवेदना. ती कोठून, किती अंतरावरून, कोणत्या यंत्राच्या मार्फत कानाशी येते याला तेथे स्थान नाही. पुढचा सारा प्रश्न नेमका याच रिकाम्या जागेतला आहे.

२

ध्वनिमुद्रण म्हणजे मैफलीची प्रत, हा समज अजून पुष्कळांच्या मनात आहे. कीथ जॅरेटच्या 'द कोल्न कॉन्सर्ट'ने तो ज्या प्रकारे अडचणीत आणला ते साहित्याच्या अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखे आहे. २४ जानेवारी १९७५ रोजी रात्री उशिरा कोल्नच्या ऑपेरागृहात जॅरेट पूर्वरचनेशिवाय वाजवावयास बसला तेव्हा समोर मागितलेला पियानो नव्हता. चुकून आणून ठेवलेल्या लहान ग्रँड पियानोचे वरचे सप्तक पातळ, खालचे निर्बल आणि पेडल बिघडलेले होते. त्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणाची तबकडी पुढे एकल पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या तबकड्यांपैकी एक झाली, आणि २०२५ च्या बर्लिन महोत्सवात त्या रात्रीच्या आयोजनावर बेतलेला एक चित्रपटही दाखविला गेला. आख्यायिका इतकी मोठी झाली आहे की तबकडी ऐकताना आपण संगीत ऐकतो की कथा, असा संशय यावा.

कथा बाजूला ठेवूनही काही गोष्टी ऐकू येतात. वादन मधल्या सप्तकात घोटाळत राहते. दुसऱ्या भागाच्या आरंभी डावा हात एकाच ठाशीव स्वरबंधावर कितीतरी मिनिटे ठाम राहतो, जणू वाद्याच्या दुबळ्या खर्जाची भरपाई पुनरावृत्तीने करतो आहे. मधूनच जॅरेटचे कण्हणे, पाय आपटणे ऐकू येते. वाद्याची मर्यादा येथे शैलीचे कारण झाली आहे, आणि ती तशी झाली हे चरित्रातून कळण्याआधी कानाला कळते. निर्मितीची हकिकत आणि कृतीचा गुण यांची गल्लत करू नये हे नवसमीक्षेने शिकविलेले पथ्य येथे पाळता येते, एवढेच नव्हे तर ते पाळल्यावर तबकडी अधिक चांगली ऐकू येते.

संहितेच्या दृष्टीने महत्त्वाची घटना नंतरची आहे. या वादनाची लिखित प्रत प्रसिद्ध करण्यास जॅरेटने अनेक वर्षे संमती दिली नाही. १९९१ मध्ये ती निघाली तेव्हाही अंतिम प्रमाण ध्वनिमुद्रणच मानावे, असा त्याचा आग्रह होता. पाश्चात्त्य अभिजात परंपरेत स्वरलिपी ही संहिता आणि वादन हा तिचा पाठ. येथे तो क्रम उलटा झाला आहे : ध्वनिमुद्रण ही मूळ संहिता, लिखित प्रत हे तिचे मागाहून केलेले लिप्यंतर. मौखिक परंपरेतील रचना, तिच्या पोथ्या आणि पाठभेद यांचा अभ्यास केलेल्या मराठी वाचकाला हे नाते अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच की मौखिक रचनेचा मूळ उच्चार हरवलेला असतो, आणि येथे तो खोकल्या-कण्हण्यासकट शिल्लक आहे.

ध्वनिमुद्रण ही संहिता मानली की तिच्यातील प्रत्येक घटक अर्थपूर्ण होतो. खोलीचा घुमारा, ध्वनिग्राहकाचे, म्हणजे मायक्रोफोनचे अंतर, यंत्राने केलेला फेरफार, सर्वच. हॅरॉल्ड बड आणि ईनो यांनी मिळून केलेल्या 'द प्लेटोज ऑफ मिरर' (१९८०) आणि 'द पर्ल' (१९८४) या तबकड्यांत या घटकांनाच रचनेचे काम दिले आहे. बड पियानो वाजवी. ईनोने जुळविलेल्या यंत्रांतून बदलून, लांबून, धूसर होऊन परत येणारा आवाज ऐके. आणि त्याला उत्तर म्हणून पुढचे वाजवी. कर्ता कोण, हा प्रश्न येथे फारसा फलदायी नाही. अधिक उपयोगी पडते ती आपल्याकडची एक संज्ञा. तंतुवाद्याच्या तारेवर आघात झाल्यानंतर जो नाद टिकून राहतो त्याला आपण 'आस' म्हणतो. सतारीवर त्या आसेचे पुढे काही करता येते. तार खेचून मींड काढता येते. पियानोची गोष्ट वेगळी. हातोडी तारेला लागून मागे फिरली की वादकाच्या हाती फारसे काही उरत नाही. पट्टी किंवा पेडल धरून ठेवणे आणि सोडणे, एवढेच. आघात वादकाचा, आस वाद्याची. शतकभर पियानोसंगीताने ही उणीव जलद स्वरांनी, भरगच्च सुरावटींनी झाकली. बडच्या वादनात आघात विरळ होत जातात आणि आस हाच रचनेचा मुख्य विषय बनतो. यंत्रांनी तीच लांबविली आहे. 'द पर्ल' ऐकताना प्रत्येक सुराचा आरंभ नव्हे, त्याचा अंत कोठे आहे हे शोधण्यात कान गुंततो; तो अंत बहुधा पुढच्या सुराखाली सापडतो.

बडविषयी लिहिताना मोहावी वाळवंटाचा उल्लेख करण्याची प्रथा पडली आहे, कारण त्याचे बालपण त्या परिसरात गेले. विस्तीर्ण वाळू, क्षितिज, वारा ही चित्रे मग आपोआप येतात. ही समीक्षेची उसनवारी आहे. ऐकू येणाऱ्या गोष्टीसाठी शब्द न सापडल्याने पाहिलेल्या (किंवा न पाहिलेल्या) गोष्टीचे शब्द वापरले जातात. मराठी भावकवितेच्या परीक्षणांत 'तरल', 'हळुवार' ही विशेषणे ज्या कामी येत असत त्याच कामी येथे वाळवंट येते.

३

कथात्म साहित्याच्या समीक्षेने निवेदकाचा दृष्टिबिंदू हा विचार चांगला रुळविला आहे : कथेत काय घडते याइतकेच ते कोठून पाहिले जाते याला महत्त्व असते. ध्वनिमुद्रणालाही असा एक श्रवणबिंदू असतो. ध्वनिग्राहक जेथे ठेवला तेथे श्रोत्याचा कान ठेवला जातो. 'कोल्न'मध्ये तो कान सभागृहात आहे. श्रोते जवळपास आहेत, त्यांचे अस्तित्व जाणवते. बड-ईनोंच्या तबकड्यांत तो कोठेच नाही, कारण ज्या खोलीत तो सूर इतका घुमेल अशी खोली अस्तित्वातच नाही. २०११ मधील निल्स फ्रामच्या 'फेल्ट'मध्ये तो थेट वाद्याच्या पोटात जातो.

'फेल्ट'ची हकिकत साधी आहे. बर्लिनमधील आपल्या घरी रात्री वाजवताना शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून फ्रामने हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये फेल्टचा, म्हणजे दाबून बनविलेल्या लोकरीच्या कापडाचा थर घातला. आवाज इतका लहान झाला की ध्वनिग्राहक तारांच्या लगत न्यावे लागले. आणि मग सुरांबरोबर पट्ट्यांचा खडखडाट, पेडलची कुरकुर, जमिनीची लाकडे, वादकाचा श्वास हे सारे मुद्रित झाले. हा शोध म्हणून गौरविला गेला असला तरी त्यातील साधन जुने आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या व्हिएन्नाच्या पियानोंवर हातोडी आणि तार यांच्यामध्ये कापडाची पट्टी आणणारी कळ असे. घरगुती उभ्या पियानोंवर सरावाचे पेडल आजही तेच काम करते. मुळात हातोडीवर चामड्याऐवजी फेल्ट बसविण्याची कल्पना झां-आंरी पापने पॅरिसमध्ये १८२६ साली मांडली. नवे आहे ते ध्वनिग्राहकाचे स्थान आणि जो आवाज आजवर दोष मानला जाई त्याला दिलेले निमंत्रण. ग्लेन गूल्डने १९६४ मध्ये जाहीर मैफली सोडून ध्वनिमुद्रण हीच आपली कला मानली, तरी त्याच्या तबकड्यांतील त्याची गुणगुण आणि खुर्चीची करकर ही रसिकांनी सहन करायची गोष्ट होती. फ्रामच्या तबकडीत ती ऐकायची गोष्ट झाली.

रोलाँ बार्थने १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात गाणाऱ्या आवाजातील देहाच्या खरखरीतपणाचा विचार मांडला तेव्हा तो वाद्यवादनापर्यंतही नेला होता. पियानो ऐकताना बोटाचा मांसल भाग ऐकू येतो की नाही, असा त्याचा प्रश्न होता. तबकड्यांच्या युगाने वादनकौशल्य सपाट करून टाकले, अशी त्याची तक्रार होती. चाळीस वर्षांनी ध्वनिमुद्रणाच्याच वाटेने देह पियानोत परतावा हा विरोधाभास त्याला रुचला असता की नाही, सांगता येणार नाही. पण 'फेल्ट'मधील जवळिकीला सत्य मानण्यात एक धोका आहे. पियानोच्या आत, तारांपासून वीतभर अंतरावर, कोणीही श्रोता कधीच बसत नाही. खुद्द वादकही तेथे नसतो. हा श्रवणबिंदू मानवी अनुभवात नसलेला, यंत्राने घडविलेला आहे. तो आपल्याला वादकाच्या शेजारी बसविल्याचा भास देतो, आणि हा भास घडविणे हेच त्याचे कलात्मक कार्य आहे. आत्मनिवेदनपर कवितेतील 'मी' हा कवी नसतो, कवितेतील एक घटक असतो, हे आपण वर्गात शिकवितो. येथील श्वासही त्याच अर्थाने संहितेतला श्वास आहे.

जवळीक हा संकेत आहे हे मान्य केले की तो रूढ होऊन झिजतो हेही ओघाने आले. गेल्या दशकात तसेच झाले. फेल्ट घातलेल्या पियानोचे तयार ध्वनिसंच संगणकावर विकत मिळतात. त्यांत यंत्रणेचा खडखडाट किती असावा हे कळ फिरवून ठरविता येते. असा एक संच तर २०१८ मध्ये फ्रामच्याच पियानोवरून तयार केलेला आहे. ज्या घरात शेजारी नाहीत, पियानो नाही, पेडलही नाही, तेथे पेडलची कुरकुर वाजू लागली. 'स्पॉटिफाय'सारख्या सेवांवर 'पीसफुल पियानो' या नावाच्या याद्यांचा पसारा झाला. तेथे तीस सेकंद ऐकले गेले की एक श्रवण मोजले जाते, म्हणून आरंभीचा अर्धा मिनिट दचकविणारा नसावा, असे सोपे व्यापारी गणित आहे. अशा याद्यांत टोपणनावांखाली स्वस्तात करवून घेतलेले संगीत भरले जाते, असा आरोप २०१६-१७ पासून होत आला. कंपनीने खोटे कलावंत निर्माण केल्याचा इन्कार केला. २०२५ मध्ये लिझ पेली या पत्रकाराने 'मूड मशीन' या पुस्तकात या व्यवहाराचा तपशीलवार मागोवा घेतला. म्यूझॅकचे परिसरसंगीताशी असलेले जुने भांडण असे म्यूझॅकच्या बाजूने मिटू पाहत आहे. याच काळात माक्स रिख्टरने 'स्लीप' (२०१५) ही आठ तासांहून लांब रचना झोपलेल्या श्रोत्यासाठी केली. तिचा हेतू प्रामाणिक असला तरी जो जागा नाही त्याच्या आस्वादाची चर्चा समीक्षेला करता येत नाही. जागे राहून ऐकणाऱ्याला ती पुष्कळ ठिकाणी पातळ वाटते, असे म्हणावे लागेल.

तेव्हा प्रश्न उरतो तो निवडीचा. श्वास, खडखडाट, कुरकुर ही सामग्री सर्वांना सारखीच उपलब्ध असताना एका ध्वनिमुद्रणात ती संहितेचा भाग होते आणि दुसऱ्यात सजावट राहते, ती कशामुळे? फ्रामच्या 'स्क्रूज' (२०१२) या तबकडीवरून याचा अंदाज येतो. अपघातात अंगठा मोडून त्यात चार स्क्रू बसविल्यावर उरलेल्या नऊ बोटांनी त्याने नऊ छोट्या रचना केल्या. येथेही हकिकत आकर्षक आहे आणि येथेही ती बाजूला ठेवता येते. रचनांची नावे अनुक्रमे 'यू', 'डो', 'रे', 'मी', 'फा', 'सोल', 'ला', 'सी' आणि शेवटी 'मी', म्हणजे इंग्रजीतला 'मला', अशी आहेत. 'तू' आणि 'मी' यांच्यामध्ये एक सप्तक पसरलेले आहे. नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकविले जाणारे, सर्वांच्या मालकीचे सप्तक. जवळीक येथे ध्वनिग्राहकाच्या स्थानावर सोडलेली नाही, ती रचनेच्या चौकटीतही मांडली आहे, आणि दोन टोकांमधले अंतर कायम ठेवून मांडली आहे. वादनात हाताची कमी झालेली पकड जाणवते. सुरावटी मोकळ्या, विरळ होतात, आणि आस ऐकायला जागा राहते. उलट तयार ध्वनिसंचातील कुरकुर कोणत्याही सुरावर कोणत्याही प्रमाणात घालता येते, म्हणून ती कोणत्याच सुराची होत नाही. सामग्री आणि घडण यांचा हा संबंध तपासणे समीक्षेचे जुनेच काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या सिद्धान्ताची गरज नाही.

जॅरेटच्या 'द मेलडी अॅट नाइट, विथ यू' (१९९९) या तबकडीला हीच कसोटी लावता येईल. दीर्घ थकव्याच्या आजारातून सावरताना न्यू जर्सीतील राहत्या घराच्या स्टुडिओत त्याने जुनी गाणी साधेपणाने वाजविली आहेत. 'कोल्न'मधला सुसाट हात येथे नाही. काहींना ही तबकडी फिकी वाटते. परंतु ओळखीची चाल शेवटाकडे येताना जेथे तो सूर अर्धा क्षण उशिरा ठेवतो, तेथे श्रोत्याने मनात आधीच वाजविलेला सूर आणि प्रत्यक्ष आलेला सूर यांत जे अंतर पडते ते ऐकण्यासारखे आहे. अवधान न देणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही, आणि त्याच्या कामात व्यत्ययही आणणार नाही.

रिउइची साकामोतोच्या अखेरच्या तबकड्यांपाशी हे सारे प्रश्न एकत्र येतात. २०११ च्या त्सुनामीत बुडालेला एक शाळेतला पियानो त्याने वाजवून पाहिला आणि त्याचा आवाज 'एसिंक' (२०१७) मध्ये वापरला. आरंभी बेसूर वाटलेले ते वाद्य निसर्गाने आपल्या मूळ स्थितीकडे परत नेले आहे, असे त्याला पुढे वाटू लागले. लाकूड आणि पोलाद यांना प्रचंड ताणाखाली ठेवून मिळविलेला शुद्ध सूर हाही एक मानवी संकेतच, हे त्या वाद्याने ऐकू येईल असे सांगितले. १७ जानेवारी २०२३ रोजी, मृत्यूपूर्वी दहा आठवडे, '१२' ही तबकडी निघाली. कर्करोगावरील उपचार चालू असताना केलेल्या या बारा रचनांपैकी बहुतेकांना नावे नाहीत. '२०२१०३१०' अशा केवळ तारखा आहेत. काही रचनांत त्याचा श्वास स्पष्ट ऐकू येतो.

हे ऐकून मन हलते ते आपल्याला आजार ठाऊक असल्यामुळे, असा आक्षेप घेता येईल आणि तो घेतलाच पाहिजे. तारखांची शीर्षके चरित्राकडे बोट दाखवितात हेही खरे. तरी आजार ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही एक गोष्ट ऐकू येईल. श्वासाची आणि पियानोची गती जुळत नाही. वादक सुराच्या आधी श्वास घेऊन सुराबरोबर सोडतो, असे नेहमीचे नाते येथे नाही. श्वास आपल्या ठरावीक अंतराने येत राहतो आणि आस आपल्या वेळेने विरत राहते. ईनोच्या फितींप्रमाणे हे दोन कालावधी एकमेकांना भाग देत नाहीत. कधी ते एकत्र येतात, कधी मध्ये पोकळी राहते. फितींची वेटोळी मात्र कितीही काळ फिरू शकली असती. तबकडीतील शेवटच्या, जेमतेम मिनिटभराच्या '२०२२०३०४' या रचनेत पियानो नाही आणि श्वासही नाही. बारीक, काचेसारखी किणकिण तेवढी आहे, आणि ती वाजविणारा हात कोणता, वारा कोणता, हे कानाला ठरविता येत नाही.